पिठाचं बाळ

८ जून, रविवार

ही वही नेत्राने दिली. ट्रकला जाणाऱ्या प्रत्येकाने रोज लिहायचं, असा नियम आहे म्हणाली. मी म्हटलं, पोरी, मी चौथी शिकलेली. त्यानंतर सही सोडून काही लिहिलं नाही. ती म्हणाली, "आजी, जस्ट राइट. कोणी वाचणार नाही." कोणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला, हे तिने सांगितलं नाही.

मुळापासून लिहिते, म्हणजे निदान मला तरी कळेल.

माझा मुलगा प्रल्हाद इथे यूटात सॉफ्टवेअरचं काम करतो. गावाचं नाव लीहाय. मी बार्शीची. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, नीलांबरीचं ऑपरेशन झालं, पोटात गाठ होती, काढली, तू ये. मी मे महिन्यात आले. आल्यापासून बघते, या घरात कोणी बोलतच नाही. सून दिवसभर लॅपटॉपपुढे. मुलगा गराजमध्ये काहीतरी खोके हलवत असतो. आणि नेत्रा, माझी नात, पंधरा वर्षांची, ती आईशी माझ्यातर्फे बोलते. "आजी, तिला सांग मी जेवले." ती पाच फुटांवर बसलेली असते. मी सांगते, नीलांबरी, ही जेवली. ती म्हणते, बरं. भांडण कशावरून झालं ते दोघीही सांगत नाहीत.

नेत्रा दर रविवारी शेजारच्या ब्रिन्लीबरोबर वॉर्डात जाते. तिथे सगळ्या सिस्टर असतात. मला वाटलं दवाखान्यात सेवेला जाते, चांगली गोष्ट आहे. आज मी पण गेले, केळी घेऊन, पेशंटला द्यायला. तर तिथे खाट नाही की पेशंट नाही. चर्च निघालं. त्यांच्या चर्चला वॉर्ड म्हणतात आणि प्रत्येक बाई सिस्टर. केळी लहान पोरांनी खाल्ली.

मग एक उंच माणूस उभा राहून काहीतरी विचारायला लागला. नेत्राने कानात सांगितलं, "ते विचारतायत, हातगाडी कोणी ओढलीये का?" मी हात वर केला. खोटं कशाला बोलू, बार्शीच्या मंडईत बावीस वर्षं केळीची गाडी ढकलली. अख्ख्या सभेत माझा एकटीचाच हात वर. सगळे वळून बघायला लागले, मग टाळ्या. दोन बायकांनी मला मिठी मारली.

घरी येऊन कळलं की मी ट्रकला जाणार आहे.

११ जून, बुधवार

ट्रक नाही, ट्रेक. आणि त्यात ट्रक नाहीच, म्हणजे बघा.

नेत्राने समजावलं ते असं. यांचे पूर्वज पावणेदोनशे वर्षांपूर्वी इकडे चालत आले. बैल घ्यायची ऐपत नव्हती म्हणून सामान हातगाडीवर घालून हजार मैल ओढत आणलं. वाटेत बर्फात पुष्कळ मेले. म्हणून आता दर चार वर्षांनी चर्चमधली पोरं तीन दिवस माळावर हातगाड्या ओढतात. मी विचारलं, सामान पोचवायचंय का कुठं? नाही म्हणे. मग विकायचंय? नाही. रिकामं ओढायचं आणि परत यायचं. ज्यांच्या दारात तीन तीन मोटारी, ती पोरं हातगाडी ओढायला जाणार. आणि माझ्या मुलाने अमेरिकेत कोणाला सांगितलं नव्हतं की त्याची आई गाडीवर केळी विकायची. आता सगळ्या गल्लीला माहीत झालं आणि गल्ली मला मान देते. तो बिचारा गोंधळून गेलाय.

"आई, तुझे गुडघे," म्हणाला.

"गुडघे माझे आहेत."

"अगं पण तुला इंग्लिश..."

"गाडीला इंग्लिश लागत नाही."

तेवढ्यात नीलांबरी लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाली, "जाऊ दे त्यांना. नेत्राबरोबर आपलं कोणीतरी हवं." या महिन्यातलं तिचं सर्वांत लांब वाक्य.

तिचे केस फार गळतायत. बाथरूमच्या जाळीत पुंजकेच्या पुंजके. बाळंतिणीचे गळतात तसे. इथलं पाणी जड आहे म्हणतात, त्याने असेल.

अजून एक. या घरात चार खोल्या आहेत आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. वरची एक खोली कुलूपबंद. प्रल्हाद म्हणतो तिथला एसी बिघडलाय. बिघडू दे, बार्शीत कुठला एसी होता? बागेतून बघितलं तर आत भिंती नव्या पिवळ्या रंगवलेल्या. रंगवायला पैसे आहेत, दुरुस्तीला नाहीत. श्रीमंतांचं काही कळत नाही.

१५ जून, रविवार

आज वॉर्डात कपड्यांची तपासणी. बायकांनी पायघोळ झगा, आत पायजमा, वर एप्रन, डोक्याला टोपी. माझं नऊवारी बघून सिस्टर खूश. मी पदर डोक्यावरून घेतला तर त्यांनी फोटोच काढला.

आठ-आठ पोरांचं एकेक कुटुंब करतात. प्रत्येक कुटुंबाला एक मा आणि एक पा. मी मा. पा म्हणून ब्रदर ऑलरेड, दातांचे डॉक्टर होते, आता रिटायर. भेटल्या भेटल्या माझे मिश्रीचे दात बघत बसला. मी नेत्राला म्हटलं, मी विधवा बाई, या परक्या म्हाताऱ्याची मी कोण लागते म्हणून मा? "आजी, इट्स प्रिटेंड." बरं. प्रिटेंड नवरा. खऱ्यापेक्षा कमी त्रासाचा असेल.

नेत्रा एका सिस्टरला कोपऱ्यात नेऊन काहीतरी विचारत होती. मागच्या रविवारी पण तिलाच धरलं होतं. ती सिस्टर तिचा हात धरून "फॉरेव्हर, फॉरेव्हर" म्हणत होती. नेत्राला विचारलं, काय गं ते? म्हणाली, "नथिंग."

१८ जून, बुधवार. वायोमिंग

बसने पाच तास आलो. नुसता माळ. झाड नाही, करड्या रंगाची झुडपं, वास ओव्यासारखा पण कडू. फोन काढून घेतले.

गाड्या बऱ्या आहेत, लाकडी, चाकं मोठी. पण पोरांनी सामान अडाण्यासारखं भरलं होतं. पाण्याचे कॅन सगळे मागे, त्यामुळे दांडी वर उचलली जात होती. मी सगळं उतरवलं. जड सामान बरोबर चाकांच्या आसावर, किंचित पुढे. मग दांडी हातात फुलासारखी राहते. ब्रदर ऑलरेड बघत राहिला आणि त्याने बाकीच्या कुटुंबांनाही बोलावून दाखवलं. उतारावर गाडीच्या पुढे राहायचं नाही, मागून दोर धरून मागे झुकायचं, हे मी हातवाऱ्यांनी शिकवलं. एक आडदांड पोरगा ऐकेना. पहिल्याच उतारावर दांडी त्याच्या बरगडीत बसली. त्यानंतर तो मला "येस, मा" म्हणतो.

संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाला एक पिठाची पिशवी दिली. पाच किलो मैदा. कापडात गुंडाळलेला, वरती पेनाने डोळे-तोंड काढलेलं. नेत्रा म्हणाली, हे बाळ. ओढणारांच्या बायका बाळं कडेवर घेऊन चालायच्या म्हणून. मी म्हटलं, पाच किलो वजन वाढवायचं तर बटाटे द्यायचे होते.

ते बाळ नेत्राने उचललं आणि कोणाला देईना. ब्रिन्लीने मागितलं तर म्हणाली, नंतर. मला म्हणाली, आजी तुझी शाल दे. पाठीशी बांधून हवं होतं. मी झोळी बांधून दिली. नाव काय ठेवलं विचारलं तर म्हणाली, "वेद." पिठाला वेद. आमच्यात मुलाचं नाव ठेवायला बारा दिवस लागतात, हिने बारा मिनिटं नाही लावली, जसं काही आधीच ठरलेलं.

पोरगी आज हसली पण. मला बरं वाटलं आणि काही कळलं नाही.

१९ जून, गुरुवार

आज बायकांचा चढ. चढाच्या पायथ्याशी सगळ्या पुरुषांना आणि पोरांना बाजूला काढलं. ते वर जाऊन दोन्ही बाजूंना टोप्या काढून गप्प उभे राहिले, आणि आम्ही बायकापोरींनी गाड्या एकट्यांनी वर चढवायच्या. का, तर तेव्हा पुरुष मेले होते नाहीतर लढाईला गेले होते. पुरुष रडत होते. मला हसू आलं. बार्शीतही मी चढ चढायचे तेव्हा पुरुष बाजूला उभे राहून बघायचे. टोप्या तेवढ्या काढत नव्हते.

नेत्रा दांडीला होती. पाठीवर ते पीठ. मी म्हटलं, गाडीत टाक, मोकळी हो. "नो." चेहरा लालबुंद, श्वास लागलेला, पण नो. वर पोचल्यावर तिने पहिल्यांदा झोळी पुढे घेऊन आत बघितलं. मला ते आवडलं नाही.

जेवायला आज मुद्दाम नुसतं पातळ सूप आणि एक कडक बिस्किट. पूर्वज उपाशी होते म्हणून. पोरं रडकुंडीला आली.

ऊन असतानाच ब्रदर ऑलरेड आला. टोपी हातात. हळू आवाजात नेत्राला काहीतरी सांगितलं, डोळे भरलेले, आणि एक फावडं देऊन गेला. दातांच्या डॉक्टरला रडायला काय झालं?

"काय म्हणाला गं?"

"काही नाही."

"मग फावडं कशाला?"

नेत्राने पाठीवरची झोळी सावरली. मग म्हणाली, "चूल खणायला."

हे मात्र हे लोक पहिल्यांदा शहाणपणाचं बोलले.

२० जून, शुक्रवार

आजचं सगळं लिहिते. बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी उजाडल्यावर उठले. नेत्रा लांब त्या प्लास्टिकच्या संडासाच्या रांगेत गेली होती. बाळ माझ्या अंथरुणाशेजारी ठेवून, वर शाल. पोरं उठून भुकेने कळवळत होती. नाश्ता उशिरा आहे म्हणे. फावडं होतंच. मी चूल खणली, तोंड वाऱ्याकडे, तीन दगड लावले. गाडीत लोखंडी तवा होता. मीठ होतं. तेल होतं. आणि पीठ पाच किलो उशाशी पडलेलं.

मी काय विचार केला? काहीच नाही. भुकेली पोरं आणि पीठ दिसल्यावर विचार करायचा असतो का? कापड काढलं, पिशवीचं तोंड सोडलं, अर्धं पीठ परातीएवढ्या पातेल्यात घेतलं. मैदा आहे, रबरासारखा ताणतो, पण चपात्या झाल्या. लाटायला पाण्याची बाटली. ब्रिन्लीने तीन खाल्ल्या. आडदांडाने सहा.

तेवढ्यात ब्रदर ऑलरेड आला, मागे दहा-बारा माणसं, टोप्या काढलेल्या, कोणाच्या हातात रानफुलं. गाणं हळूच सुरू झालं आणि मला बघून बंद पडलं. सगळ्यांची नजर चुलीवर. मग माझ्या हातातल्या गोळ्यावर. मग त्या रिकाम्या कापडावर. ब्रिन्लीने तोंडातला घास चावायचा थांबवला.

आणि नेत्रा आली.

"आजी! यू कुक्ड हिम!"

एवढं ओरडली आणि माळावर पळत सुटली. मी चपाती तव्यावरून काढली, करपू कशाला द्यायची, आणि तिच्या मागे गेले.

लांब एका झुडपाआड बसली होती. धापा टाकत होती. मी बसायला वेळ घेतला, गुडघे. म्हटलं, पीठ होतं गं. दुसरं आणू.

"काल ब्रदर ऑलरेड म्हणाले, युवर बेबी डाइड. तेव्हा वाटेत बाळं मरायची, म्हणून. फावडं त्याच्यासाठी होतं. मी तुला सांगितलं नाही. मला पुरायचं नव्हतं."

"पिठाला?"

"वेदला!" मग इंग्रजी-मराठी सगळं एकत्र बाहेर आलं. ऑपरेशन नव्हतं. गाठ नव्हती. बाळ होतं. पिवळी खोली त्याची. दवाखान्यातून आई-बाबा दोघंच परत आले. बाबांनी पाळणा खोक्यात भरून देऊन टाकला. ती शाळेतून आली तर खोलीला कुलूप. कोणी तिला दाखवलं नाही, कुठे ठेवलं सांगितलं नाही. म्हणून ती वॉर्डातल्या त्या सिस्टरला विचारायची, बाळ परत भेटेल का, आणि सिस्टर म्हणायची फॉरेव्हर. घरी तर आजीला काही बोलायचं नाही असं बजावलं, आजीला त्रास होईल.

मला! त्रास!

मी विचारलं, "किती महिन्यांचं?"

"आठ."

"जिवंत?"

"नो."

"आईशी का बोलत नाहीस?"

"कारण ती रडलीच नाही. एकदा पण नाही. सहाव्या दिवशी मीटिंगला बसली. मी तिला म्हटलं, यू डोन्ट इव्हन केअर. तिने कॅमेरा बंद केला आणि परत चालू केला."

मला धीराचं काही बोलता येत नाही. कधीच आलं नाही. जे डोक्यात आलं ते विचारलं.

"आणि दुधाचं काय केलं?"

"व्हॉट दूध?"

"तिला दूध आलं असेल ना. बाळ असो नसो, तिसऱ्या दिवशी दूध येतं. अंगाला कळत नाही. छाती दगडासारखी होते, ताप भरतो, गार पाला बांधावा लागतो. ते कोणी बघितलं?"

नेत्रा माझ्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "ती सारखे शर्ट बदलायची. मला म्हणाली शॉवर लीक होतोय. फ्रीजमध्ये सगळीकडे कोबीची पानं होती, मला वाटलं डाएट." मग एप्रनमध्ये तोंड घातलं. "आजी, मीटिंगमध्ये पण शर्ट ओला असेल का?"

"असेल. म्हणून कॅमेरा बंद केला असेल."

खूप वेळ रडली. मी पाठीवर हात ठेवला, दुसरं काय. तिला सांगितलं, प्रल्हादच्या आधी माझं पण एक गेलं होतं. मुलगी. माझी सासू जिभेची कडू जहर बाई, पण तिने मला सव्वा महिना गाडीला हात लावू दिला नाही. रोज अंगाला तेल, शेक, पोट आवळून बांधायची. मी म्हणायचे बाळ कुठंय, आता हे कशाला? ती म्हणायची, "बाळंतीण तू झालीस की बाळ झालं? पड गप."

परत आलो तर एक वेगळंच चाललेलं. ब्रदर ऑलरेडने माझ्या पातेल्यातली एक चपाती दोन्ही हातांनी उचलली होती आणि डोळे मिटून खात होता. त्याला वाटलं, आमच्याकडे मेलेल्या बाळासाठी असंच करतात. त्याने बाकीच्यांना सांगितलं. सगळी माणसं रांगेत, टोप्या हातात, एकेक घास घेऊन गप्प पुढे जात होती. मी नेत्राला म्हटलं, सांग त्यांना, मी नाश्ता केलाय. तिने नाही सांगितलं. म्हणाली, "राहू दे ना आजी."

मग तिने उरलेल्या पिठाची पिशवी घेतली, ते डोळे-तोंड काढलेलं कापड परत गुंडाळून. चुलीजवळच खड्डा खणला, मी नाही, तिनेच. ब्रिन्लीने मदत केली. लोकांनी गाणं म्हटलं. मला एक शब्द कळला नाही, चाल बरी होती. माती लोटल्यावर नेत्रा माझ्याकडे आली आणि म्हणाली, भूक लागली. गार झालेल्या दोन खाल्ल्या, नुसत्या मिठाबरोबर.

मी अजून गोंधळलेलीच आहे. पिठाला रडायला इतके लोक आहेत या देशात, आणि माझ्या नातवाला कोणी नव्हतं.

२१ जून, शनिवार

काल संध्याकाळी घरी पोचलो. प्रल्हादला दारातच विचारलं, "माझा नातू गेला आणि तू मला गाठ सांगितलीस?"

नेत्राकडे बघितलं त्याने. मग खाली बघितलं. "आई, नीलांबरीला नको होतं कोणी त्याविषयी..."

"तिला विचारलंस?"

त्याने माझी पिशवी उचलली आणि आत निघाला. म्हणजे नाही विचारलं. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याला नको आहे. एवढी शिकलेली माणसं.

आज सकाळी त्याला इंडियन दुकानात पाठवला. आळीव, डिंक, खोबरं, खारीक, तिळाचं तेल. यादी वाचून म्हणाला, "आई, अगं आता अडीच महिने झाले."

"अडीच महिने तू उशीर केलास. जा."

२३ जून, सोमवार

नीलांबरीला मीटिंग कॅन्सल करायला लावली. म्हणाली, "आई, मी ठीक आहे." मी म्हटलं, ठीक कोणी विचारलं, आडवी हो. कुठे झोपवायची? हॉलमध्ये खिडक्याच खिडक्या, शेजारपाजार बघतंय. नेत्राने वरची किल्ली आणली. बाबांच्या टेबलात होती म्हणे. पिवळ्या खोलीत जमिनीवर गादी टाकली. एसी उत्तम चालतो.

तेल कोमट करून पायापासून सुरुवात केली. पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या. नीलांबरी छताकडे बघत पडून होती. मांड्या झाल्या, कंबर झाली. पोटावर हात ठेवला तशी हलली. मी हात काढला नाही. गोल गोल फिरवत राहिले. मग ती रडायला लागली. आवाज नव्हता आधी, मग आला. प्रल्हाद जिन्यात येऊन उभा राहिला, आत यायची हिंमत होईना. मी म्हटलं, आळीव ढवळ जा, खाली लागेल.

पोट बांधायला माझं जुनं लुगडं फाडलं होतं. एक टोक नेत्राच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. एकटीच्याने होत नाही हे, दोन बाजूंनी ओढावं लागतं. आई रडतेय बघून नेत्राचे हात ढिले पडले.

"आजी, थांबू का?"

मी म्हटलं, रडणं तिचं काम, ओढणं तुझं.

तिने ओढलं. मी गुंडाळलं. दुसरा वेढा घेताना पोरीने विचारलं, मला नाही, सरळ तिला, "मम्मा, खूप घट्ट होतंय का?"

नीलांबरीने डोळे पुसले नाहीत. नेत्राकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही. अजून थोडं ओढ."